गुलाबी अस्तर

"अगं, क्लबातला बुलडोझर विचारत होता, तुझी फौज नेऊ का म्हणून," नवरा सहज बोलावं तसं बोलला आणि त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

ती मुलीला केळं कुस्करून भरवत होती. मुलगी दहा महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, आणि जगातली प्रत्येक वस्तू आधी चाखून बघायची अशा ठाम मताची. चमचा हवेतच थांबला.

"नेऊ म्हणजे? कुठे नेऊ?"

"म्हणजे त्याला देऊन टाक. पडूनच आहे ना ती. तो रंगवेल, खेळेल. तीन आठवड्यांनी क्लबात संघ ठरणार. आम्हाला चौथा भिडू हवाय, तोही बंडखोरांच्या बाजूचा. बुलडोझरकडे सगळी सम्राटाची माणसं. तुझे खाणकामगार मिळाले की झालं काम."

"आणि मी?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. हा प्रश्न येईल असं त्याला खरंच वाटलं नव्हतं. "तू? तुझं तर मन उडालंय ना त्यातून. किती वर्षं झाली, ब्रशला हात नाही लावलास."

ही फौज म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची माणसं. कुठल्याशा दूरच्या उपग्रहावरचे खाणकामगार, सम्राटाविरुद्ध बंड करून उठलेले. हातात बंदुका कमी आणि पाने, पहारी, ड्रिल जास्त. सोबत सहा पायांचं एक खोदयंत्र आणि सगळ्यांच्या पुढे एक बाई, कमरेवर हात ठेवून उभी. तिला ती मुकादमीण म्हणायची. मोठ्या टेबलावर मोडक्या कारखान्याचा देखावा मांडायचा, फासे टाकायचे, फूटपट्टीने अंतर मोजून माणसं पुढे सरकवायची, असा तो खेळ. याच खेळाच्या टेबलापाशी तिची आणि नवऱ्याची ओळख झाली होती, आणि पहिल्या डावात तिने त्याला धूळ चारली होती. ही गोष्ट तो हल्ली सांगायचा नाही.

"देऊन टाका की एकदाची," सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "कपाटाचा वरचा कप्पा मोकळा होईल. पोरीचे गरम कपडे ठेवायला जागा नाही, आणि तिथे बाहुल्या झोपल्यात."

"बाहुल्या नाहीत, आई."

"बरं बाई, सैनिक. झोपलेलेच ना?"

तिने चमचा मुलीच्या तोंडात घातला. मुलीने केळं चाखलं, पसंत नाही म्हणून बाहेर ढकललं.

"फौज माझी आहे," ती म्हणाली. "चौथा भिडू मी."

"अगं पण रंगवणार कधी? तीन रंग आणि तळ, नियम आहे. रंग नसलेली माणसं टेबलावर चालत नाहीत."

"नियम मला नको सांगूस. तो केला तेव्हा मी तिथे होते. तू उशिरा आला होतास."

फौजेचा खोका खाली काढायला ती स्टुलावर चढली. त्याला चिकटपट्टीचे तीन वेढे होते आणि ते तिनेच मारले होते. मुलगी पालथी पडायला लागली त्याच आठवड्यात. एकदा मुलीच्या गालात शर्टाचं बटण सापडलं होतं, आणि त्या दिवशी तिने घरातली प्रत्येक बारीक वस्तू उचलून वर नेऊन ठेवली होती. मुकादमिणीच्या हातातला पाना बटणाहून लहान. तो घशात अडकला तर, या विचाराने ती पुढे कितीतरी दिवस मुलीचा श्वास ऐकत बसायची. कॉलेजात जीवशास्त्र शिकल्याचा एवढाच फायदा झाला होता, की काय काय होऊ शकतं ते तिला सविस्तर माहीत होतं.

वेढे सुटले. झाकण उघडलं. आत एक सोडून बाकी सगळी माणसं काळीकुट्ट. दोन्ही बाजूंनी जाळून काढल्यासारखी.

हा काळा रंग तिने दिलेला नव्हता. लग्न ठरल्यावर ती चार दिवस मावशीकडे गेली होती, तेवढ्यात होणाऱ्या नवऱ्याने खोका नेला, घरच्या गच्चीत कागद अंथरून एकेक माणूस उभा केला आणि स्प्रेच्या डब्याने सगळ्यांना काळं अस्तर मारून टाकलं. अस्तर म्हणजे पहिला हात. त्याशिवाय प्लास्टिकवर रंग धरत नाही. मग तिला डोळे मिटायला लावून, हाताला धरून गच्चीत नेलं. "बघ! तुझं सगळं किचकट काम वाचवलं!" त्याचा चेहरा असा उजळला होता, की तिने टाळ्या वाजवल्या. "अय्या, किती छान!" असंही म्हणाली. आवडलं मात्र नव्हतं.

कारण तिला फौज पिवळी हवी होती. खाणीत काळोख, धूळ, वरून दरड कधी येईल सांगता येत नाही. तिथली माणसं पिवळीधमक असणार, लांबून दिसतील अशी. काळ्या कपड्यातला खाणकामगार म्हणजे मेलेला खाणकामगार. आणि पिवळा हा रंगांमधला सगळ्यात लाजाळू. काळ्यावर घातला तर तोंड लपवतो. तिने एका माणसावर करून पाहिलं होतं. सात हात दिले तरी तो आजारी बेडकासारखाच दिसत राहिला. नवऱ्याला सांगावं तर त्याचा उजळलेला चेहरा आठवायचा. मग लग्न झालं, मग नोकरी, मग दिवस राहिले, मग मुलगी. काळी माणसं काळीच राहिली, आणि हिचं मन उडालं असं घरात एकमताने ठरलं.

या वेळी तिने घाई केली नाही. माणसांचे जादाचे, तसेच काळे झालेले सुटे हात होते, फौजेच्या कामी न आलेले. त्यांच्यावर एकेक रंग लावून पाहिला. पांढरा लावला तर खडूसारखा खरखरीत झाला. तपकिरी बरा होता, पण त्यावरचा पिवळा मळका दिसला. शेवटी गुलाबी लावला. चांगला दाट, मिठाईच्या खोक्यासारखा गुलाबी. दोन थरांत काळा पार गडप झाला, आणि त्यावर पिवळा घातल्यावर तो हात असा दिसला, की जणू खिडकीतून ऊन येऊन त्याच्यावरच पडलंय.

तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. शेजारी मुलगी झोपली होती म्हणून हळूच.

प्रश्न जागेचा होता. लिहायच्या टेबलावर मुलीचे लंगोट आणि पावडर. जेवणाच्या टेबलाला सासूबाई हात लावू देईनात. जमिनीवर बसायची सोय नाही, तिथे राज्य मुलीचं. मग तिने इस्त्रीचं टेबल उघडलं. उंच, अरुंद, मुलीच्या हाताला न येणारं. ते खिडकीशी लावलं आणि उभ्यानेच काम सुरू केलं. धरायला मूठ हवी म्हणून एकेक माणूस तिने मुलीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांवर चिकटवला. तापाच्या औषधावर ड्रिलवाला, पोटाच्या औषधावर पहारवाला. रंगाच्या बाटलीवर 'विषारी नाही' असं छापलं होतं. ते तिने रोज वाचलं, आणि रोज हात कोपरापर्यंत धुतले. काम संपलं की माणसं मोजायची, बंदुका मोजायच्या, मग गुडघ्यांवर बसून फरशी हाताने चाचपायची. मग पुन्हा मोजायची. भीती काही कुठे गेली नव्हती. ती फक्त भीतीला शेजारी उभं करून रंगवत होती.

"उभ्याने काय करतेस गं?" सासूबाईंनी विचारलं. "पाय मोडतील."

"रंगवतेय."

त्या चष्मा लावून जवळ आल्या. इस्त्रीच्या टेबलावर गुलाबी माणसांची रांग उभी होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"लढाईला चाललेत का बारशाला?"

"आतलं अस्तर आहे, आई. वरून पिवळा येणार."

"मग आधीच पिवळा का नाही लावत? आधी गुलाबी, मग पिवळा. जेवण झाल्यावर ताट वाढल्यासारखं." एवढं बोलून त्या गेल्या, पण थोड्या वेळाने मुलगी उठून रडायला लागली तेव्हा त्यांनीच तिला उचललं आणि जाता जाता म्हणाल्या, "तू आटप तुझं. हात घाण आहेत तुझे."

खरी ठिणगी शनिवारी पडली. नवरा सुट्टीचा घरी होता. त्याने गुलाबी रांग पाहिली आणि हसू आवरेना.

"हे काय गं! बुलडोझरला फोटो पाठवू का? मरेल तो हसून."

"पाठव."

"नाही, पण खरंच. काळं अस्तर इतकं नीट बसलं होतं. वर चंदेरी नि करडा नुसता घासला असता तरी एका दुपारी फौज तयार. एवढी मेहनत करून मी—"

"तू न विचारता केलीस ती मेहनत."

तिने ब्रश पाण्यात बुडवला, कडेला पुसला. आवाज चढू दिला नाही. आत मुलगी झोपली होती, आणि दबक्या आवाजात भांडायची कला दोघांनाही गेल्या दहा महिन्यांत चांगली जमली होती.

"मला ती पिवळी हवी होती. काळ्यावर पिवळा बसत नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे. म्हणून पडून राहिली ती. माझं मन उडालं म्हणून नाही."

"मदत केली होती मी!"

"हो. आणि मी टाळ्या वाजवल्या. त्याचीच फळं भोगतेय."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा आपलं लग्न व्हायचं होतं," ती म्हणाली. "आता झालंय."

तो हसला नाही. मग त्याने पोटाच्या औषधाची बाटली उचलून पहारवाल्याला उजेडात धरलं. त्याच्या बगलेत काळा राहिला होता. "इथे सुटलंय," एवढंच बोलला आणि बाटली जागेवर ठेवली.

"सुटलं तर सुटलं. सावली आहे ती."

दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं ठरल्यासारखं चाललं. सगळी फौज गुलाबी झाली. पाने, पहारी, ड्रिल चंदेरी झाले. बूट आणि पट्टे काळे. तळाच्या चकत्यांवर डिंक लावून बारीक वाळू बसवली, ती करडी रंगवली. आता फक्त पिवळा उरला होता. आणि नेमका मुलीला दात फुटायला लागला.

ज्याने दात येणारं मूल सांभाळलं नाही त्याला हे सांगून कळणार नाही. मुलगी खाली ठेवली की रडे, झोपली की दचकून उठे, बारीक ताप, लाळेने सगळे कपडे ओले. कडेवर मूल घेऊन ब्रश धरता येत नाही. तिने एकदा करून पाहिलं तर मुलीने थेट रंगाच्या बाटलीकडे झेप घेतली. त्या दिवशी तिने ब्रश धुऊन ठेवला तो चार दिवस उचललाच नाही. पाचव्या दिवशी मुलीची हिरडी फाटून पांढरं टोक दिसलं, पण तोवर शुक्रवार उजाडला होता, आणि रविवारी क्लबात संघ ठरणार होता.

शनिवारी दुपारपर्यंत मुकादमीण आणि आणखी चार जण पिवळे झाले. बाकी पलटण गुलाबी.

"सांगू का मग बुलडोझरला?" नवऱ्याने विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता, कीव होती. तिला ती जास्त लागली. "पुढच्या वर्षी खेळ ना. पळून थोडंच जाणार आहे काही?"

"सांग त्याला," ती म्हणाली. "बघायला ये म्हणावं."

क्लब म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची लांबट खोली. खाली चष्मेवाले काका लोकांचे डोळे तपासायचे आणि रविवारी दुकान बंद करून वर पंच म्हणून बसायचे. पद्धत अशी, की ज्याला संघात यायचं त्याने फौज दाखवायची आणि एक चाचणीचा डाव खेळायचा. हरला तरी हरकत नाही. डाव अर्धवट टाकून उठला तर मात्र जागा गेली. मागे एक जण हरायला लागला की पोटात दुखतंय म्हणून घरी जायचा, त्याच्या नावाने हा नियम झाला होता. चाचणीला समोर बुलडोझरच होता. ती उठली तर जागा त्याचीच, आणि तिची फौज मागायला तो मोकळा. तो स्वभावाने वाईट नव्हता. नुसता धिप्पाड होता आणि सगळी फौज एकदम पुढे ढकलायची ही त्याची एकमेव युक्ती.

तिने झाकण उघडलं. खोलीत हशा पिकला.

"वहिनी, हे काय! साबणाच्या जाहिरातीला निघालीय का पलटण?" बुलडोझरने विचारलं.

"वहिनी घरी. इथे भिडू म्हण."

"बरं, भिडू. पण हे अर्धवट आहे. अस्तरच दिसतंय नुसतं. काका, अस्तराला रंग म्हणतात का?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावलं आणि एक गुलाबी पहारवाला उचलला. नवरा भिंतीला टेकून उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"नियम काय आहे?" तिने विचारलं. "तीन रंग आणि तळ. मोजा. गुलाबी. चंदेरी. काळा. तळाला वाळू, तीही रंगवलेली. कुठला रंग असावा हे नियमात कुठे आहे? असेल तर दाखवा. मी आत्ता झाकण लावते आणि जाते."

"पण तो तुझा शेवटचा रंग नाहीये ना! हे पाच तर पिवळे केलेस की."

"माझी फौज, माझा शेवट. मी आज म्हटलं हा शेवटचा, तर हाच. उद्या पिवळी करीन नाहीतर जांभळी. तुझे सगळे काळे आहेत, त्यांच्यावर नुसता चंदेरी नि करडा घासलायस. ते चालतात. काळं अस्तर दिसलं तर रंग आणि गुलाबी दिसलं तर अस्तर, हा कुठला न्याय?"

मागून कोणीतरी शीळ घातली. काकांनी भिंग काढलं.

"ब्रश बारीक चाललाय," ते म्हणाले. "बगलेत थोडं सुटलंय. पण तीन रंग आहेत. चालेल. मांडा."

डाव सुरू झाला. बुलडोझरने सवयीप्रमाणे सगळं काही पुढे ढकललं. तिने खोदयंत्र भिंतीआड ठेवलं, पहारवाले दोन टोकांना नेले. हात विसरले नव्हते. फासे तळहातावर खुळखुळवताना अंगात कितीतरी दिवसांनी एक जुनी, कोरडी, थंड हुशारी जागी झाली. तिसऱ्या फेरीला त्याची पुढची रांग मोडली. बघ्यांतला एक जण टेबलाजवळ सरकला.

आणि तिचा फोन वाजला. सासूबाई.

"अगं, ही ऐकतच नाहीये. तासभर झाला. बाटली फेकून दिली, मला चावली. अंग थोडं गरम लागतंय. येतेस का?" मागून मुलीचं रडणं येत होतं, घसा बसेपर्यंतचं.

डोळ्यांसमोर भराभर सगळं येऊन गेलं. ताप चढला असेल, रडता रडता ठसका लागला असेल, फरशीवर काही राहून गेलं असेल, एखादा पाना, आपण नीट मोजलं का, दोनदा मोजलं, पण खरंच दोनदा मोजलं का? समोर बुलडोझर हात थांबवून उभा होता. त्याला बोलायची गरज नव्हती. जागा कोणाची होणार हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि आई असलेली बाई आता काय करणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी तर घड्याळाकडेही पाहिलं.

तिने फोन कानापासून न काढता नवऱ्याकडे पाहिलं. त्याची जागा गेल्या वर्षापासून पक्की होती. तो नुसता बघायला आला होता.

"तू जा," ती म्हणाली.

"मी? अगं, पण ती तुझ्याशिवाय—"

"तापाचं औषध वरच्या फळीवर, डाव्या हाताला. आधी तापमान बघ. शंभरच्या वर असेल तरच दे, मापाच्या झाकणाने, अंदाजाने नाही. दात आहे, हिरडीवर बोट फिरव. आणि उचलून फिर. बसून नाही ऐकत ती." मग फोनमध्ये, "आई, हा येतोय."

"आणि तू?" सासूबाईंनी विचारलं.

"मी डाव संपवून येते."

सासूबाई म्हणाल्या, "बरं. त्याला म्हणावं, पळत ये." फोन बंद झाला.

नवरा हलला नाही. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, आता त्याची परीक्षा असल्यासारखी. मग त्याने खुर्चीवरचा कोट उचलला.

"डावी फळी?"

"वरची फळी. डाव्या हाताला."

जिन्यावर त्याची पावलं दोन-दोन पायऱ्या सोडत गेली. तिचं काळीज त्या पावलांमागे धावत रस्त्यापर्यंत गेलं, कोपऱ्यावरून वळलं, घराच्या दारापर्यंत जाऊन पोचलं. ती स्वतः टेबलापाशीच उभी राहिली. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"वहिनी, जायचं असेल तर जा," बुलडोझर हळू आवाजात म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "कोणी काही म्हणणार नाही."

"कोणी काही म्हटलं तरी मी कुठे जाणार आहे?" तिने फासे उचलले. "तुझी चाल झाली ना? मग टेबलावरचे हात काढ. माझी माणसं पुढे यायची आहेत."